शिश्नावरचे बारीक दाणे: कुठले सोडून द्यायचे, कुठले दाखवायचे?

शाहूपुरी_२४
शिश्नमुंडाच्या कडेनं पांढरट बारीक दाण्यांची ओळ आहे. दुखत नाही, खाजत नाही, वर्षभर आहे तेवढीच आहे. पण पंधरा दिवसांत बुंध्याशी, केसांमध्ये, दोन वेगळे फोड आलेत. एकाच्या मध्ये खळगा दिसतो. मेडिकलमधून ट्यूब मिळाली, अजून लावलेली नाही. लग्न ठरलंय. हा गुप्तरोगच म्हणायचा का? आणि दाखवायचं तर कुठं? घरचे डॉक्टर वडिलांचे मित्र, त्यांच्याकडं जायची सोय नाही.

कातडी_वाचक
या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एका हिशेबात धरू नका.

कडेची ओळ: खसखशीएवढे, १–२ मिमीचे, सगळे एका मापाचे, मुंडाच्या कडेला एक-दोन रांगांत, वर्षभर न बदललेले. हे वर्णन पर्ली पेनाइल पॅप्यूल्सचं आहे. तरुण मुलांत भरपूर दिसतात, शरीराच्या नैसर्गिक ठेवणीचाच भाग म्हणा. कुणाकडून येत नाहीत, कुणाला देता येत नाहीत, उपचार लागत नाही. कातडी ताणल्यावर रव्यासारखे पिवळसर ठिपके दिसले तर त्या तेलग्रंथी, फोर्डाइस स्पॉट्स. त्यांनाही काही करायचं नाही.

खळगा असलेला फोड मात्र दाखवा. गुळगुळीत, मोत्यासारखा, २–५ मिमीचा आणि मध्ये बेंबी असेल तर मोलस्कम असण्याची शक्यता जास्त. तो विषाणूचा असतो. मोठ्या माणसाला या जागी बहुतेक वेळा संबंधातून येतो. पण तालमीत अंगाला अंग घासतं, एकच टॉवेल चौघांत फिरतो, त्यातूनही पसरतो. म्हणून नुसत्या मोलस्कमवरून कुणाच्या चारित्र्याचा निकाल लावायला जाऊ नये. दाबून फोडू नका, आतला पांढरा गर लागेल तिथं नवा फोड येतो. वस्तरा तर आजच बंद करा. वस्तऱ्याच्या वाटेनं फोडांची सरळ रेघ उमटते ती याच कारणानं. दुसरा फोड केसाच्या मुळाशी असेल, टोकाला पू असेल, तर तो साधा केसतोडाही असू शकतो.

चामखिळीसारखं खरखरीत, फ्लॉवरच्या तुऱ्यासारखं वाढत जाणारं काही असेल तर एचपीव्ही या विषाणूचे मस. संसर्गानंतर ते उगवायला ३ आठवड्यांपासून ८ महिन्यांपर्यंत, कधी त्याहूनही जास्त लागतात. त्यामुळं 'गेल्या महिन्यात कोण' असा हिशेब घालण्यात अर्थ नाही.

सगळ्यात जास्त चूक होते ती पुढच्या गोष्टीत. लोक दुखण्यावरून ठरवतात. नागीण जातीचा हर्पीस दुखतो, झोंबतो, पुंजक्यानं पाण्याचे फोड येऊन फुटतात, म्हणून माणूस धावतो. उपदंश, म्हणजे जुनी माणसं 'गरमी' म्हणतात तो, बहुधा एकच व्रण करतो. कडा टणक, तळ स्वच्छ, आणि दुखत नाही. संसर्गानंतर ९ ते ९० दिवसांत येतो, ३ ते ६ आठवड्यांत औषधाशिवाय भरून जातो. माणूस म्हणतो, उष्णता होती, उतरली. रोग तसाच आत राहतो. पुढं तळहात-तळपायांवर पुरळ उठतं, तेव्हा ते या व्रणाशी कुणी जोडत नाही.

औषधवाला_कोप
ट्यूब लावली नाहीत ते उत्तम केलंत. मागची बाजू वाचा. क्लोबेटासोल किंवा बेटामेथासोन लिहिलं असेल तर त्यात स्टेरॉइड आहे. बहुधा जोडीला बुरशीचं आणि जंतूंचं औषध असतं. 'तीनही लागू पडेल' असा हिशेब. दोन दिवस खाज थांबते, लाली उतरते, आणि खाली गजकर्ण पसरत जातं, मोलस्कमही वाढतं. तिथली कातडी आधीच पातळ, स्टेरॉइडनं आणखी झिजते. शिवाय डॉक्टरला मूळ चित्र दिसत नाही.

चामखिळीसाठी मिळणारं सॅलिसिलिक ॲसिड किंवा घरचा चुना-सोडा तिथं लावायचा नाही, भाजून व्रण पडतो. ॲझिथ्रोमायसिनच्या गोळ्या स्वतःच्या मनानं घेतल्या तर उपदंश अर्धवट दबतो. पहिल्या टप्प्यातल्या उपदंशाला पेनिसिलिनचं इंजेक्शनच, २४ लाख युनिट एकदा, कुल्ल्यांत दोन भागांत. पहिल्या २४ तासांत ताप-अंगदुखी येऊ शकते, ती म्हणजे औषध बाधलं असं नाही. पण अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला तर ती ॲलर्जी, लगेच दवाखाना.

समुपदेशन_खोली
कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयात, टाऊन हॉलजवळ, केसपेपर काढून त्वचारोगाच्या ओपीडीत जा. 'गुप्तरोगाला दाखवायचंय' असं खिडकीवर म्हणायची गरज नाही, 'स्किन' म्हटलं तरी पुरतं. सरकारी रुग्णालयांत या आजारांसाठी 'सुरक्षा क्लिनिक' असतात, तपासणी आणि औषधांचे किट मोफत. एचआयव्हीची तपासणी आयसीटीसीत, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, तीही मोफत. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार तुमच्या संमतीशिवाय ती करता येत नाही आणि अहवाल गुप्त ठेवावा लागतो. आधी नुसतं बोलायचं असेल तर १०९७ ही टोल-फ्री हेल्पलाइन आहे.

जाण्याआधी साध्या पाण्यानं धुवा, काही लावू नका. फोड रोज बदलत असेल तर स्वतःच्या मोबाइलवर तारखेसह फोटो ठेवा, कुणाला पाठवू नका. व्हीडीआरएल, म्हणजे उपदंशाची रक्ततपासणी, निगेटिव्ह आली म्हणून निवांत होऊ नका. व्रण नुकताच आला असेल तर ती पॉझिटिव्ह व्हायला आणखी काही आठवडे लागू शकतात, पुन्हा करायला सांगतील तेव्हा करा. एचआयव्हीचंही तसंच, शेवटच्या धोक्याच्या संबंधानंतर ३ महिन्यांनी परत.

निशिगंध_को
बायकांचंही थोडं लिहिते. योनीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना सारखे, मऊ, प्रत्येकाचं बूड वेगळं असलेले बारीक दाणे बहुधा नैसर्गिकच असतात. मस असेल तर एका बुडातून अनेक टोकं फुटतात. तोंडाशी एका बाजूला गाठ येऊन बसताना ठणकली तर बार्थोलिन ग्रंथी भरलेली असते, ती स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावी. दिवस गेले असतील तर औषध घेण्याआधी सांगा, मसावरचं पोडोफायलिन गरोदरपणात चालत नाही.

शाहूपुरी_२४
आभारी आहे. सोमवारी जातो. लग्नाला दोन महिने आहेत. होणाऱ्या बायकोला काय सांगू? आणि रात्री खाज सुटते, ती मात्र लिहायची राहिली.

कातडी_वाचक
रात्रीची खाज ही मोठी खूण आहे, ती पहिल्यांदा सांगा. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, अंडकोशाच्या कातडीवर टणक खाजऱ्या गाठी असतील तर खरूज. मग घरातल्या सगळ्यांना एकाच रात्री परमेथ्रिन ५ टक्के, मानेपासून पायापर्यंत, ८ ते १२ तास ठेवून धुवायचं, आठवड्यानं पुन्हा. चादरी-कपडे गरम पाण्यात. एकट्यानं लावलं की परत येते.

लग्नाचं म्हणाल तर आधी निदान होऊ द्या. मोलस्कम निघालं तर फोड जाईपर्यंत संबंध नको, निरोध सगळी जागा झाकत नाही. उपदंश किंवा एचआयव्हीचा अहवाल आला तर त्यांना सांगितल्याशिवाय पुढं जाऊ नका. कसं सांगायचं ते आयसीटीसीत विचारा, ते त्यांचं रोजचं काम आहे.

आणि एवढं झालं तर सोमवारची वाट बघू नका: ताप येऊन लाली भराभर पसरणं, कातडी काळी पडणं (मधुमेह असेल तर जास्तच जपा), मागे ओढलेली पुढची कातडी अडकून सुजणं, वृषणात अचानक जोराची कळ. त्याच दिवशी, रात्र असली तरी, कॅज्युअल्टी. वृषणाला पीळ बसला असेल तर साधारण सहा तासांच्या आत सोडवावा लागतो.