संघटनेच्या ग्रुपवर दिवसाला शंभर मेसेज, कामाचा एक. काय करावं?

ग्रंथपाल_गंगापूररोड
नमस्कार. मी नाशिकला एका अनुदानित महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. आमच्या प्राध्यापक-ग्रंथपाल संघटनेच्या शाखेची बैठक झाली. चहा संपता संपता कुणीतरी म्हणालं, "मॅडमना द्या, लायब्ररीत वेळ असतो त्यांना." (हे वाक्य न ऐकलेला ग्रंथपाल मला दाखवा.) तर सभासदांपर्यंत माहिती पोचवायचं काम आता माझ्या गळ्यात आहे.

ग्रुपवर सकाळी सुविचार, मग कुणाच्या तरी मुलीचे दहावीचे टक्के, त्याखाली चाळीस अभिनंदनं, आणि त्या गर्दीत कुठेतरी कॅस (म्हणजे पदोन्नती योजनेच्या) शिबिराची तारीख. पेठच्या एका सरांना ती तारीख उलटून गेल्यावर कळली. फाईल तयार होती बिचाऱ्यांची.

दुसरं दुखणं माझं स्वतःचं. येतं ते सगळं 'प्राध्यापकांसाठी' म्हणून येतं. ग्रंथपालाला वेतनाच्या लेव्हल १० वरून ११ ला जायला ओरिएंटेशन कोर्सबरोबर संगणकीकरण-डिजिटायझेशनचं किमान पाच दिवसांचं प्रशिक्षण लागतं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीत ते वेगळं लिहिलेलं आहे. ग्रुपवर फिरत होता तो शिक्षकांचा तक्ता. तो प्रमाण मानून मी एक अख्खी उन्हाळी सुट्टी रिफ्रेशर कोर्समध्ये घातली, आणि फाईल परत आली ती त्या पाच दिवसांसाठी.

ईमेल कुणी उघडत नाही. छापील पत्रक काढावं तर वर्गणी पुरत नाही. तुमच्याकडे कसं चालतं?

सिन्नरचे_निवृत्त
मॅडम, २०१३ चा प्राध्यापकांचा परीक्षा बहिष्कार तुमच्या आधीचा असेल. ४ फेब्रुवारी ते १० मे. त्यात ७१ दिवसांचा पगार अडकला, घरी तोंड दाखवायची पंचाईत. रोज नवी अफवा: अमुक कॉलेजचे लोक फुटले, तमुक ठिकाणी पेपर तपासायला बसले. आमच्या सचिवांनी प्रत्येक कॉलेजात एक माणूस नेमला. संध्याकाळी सातला त्याला फोन, सकाळी स्टाफरूमच्या फळ्यावर चार ओळी आणि खाली त्याची सही. सही नसेल ती बातमी नाही, असं ठरलेलं. एवढ्यावर ते दिवस काढले.

फळा अजून आहे ना तुमच्या स्टाफरूममध्ये? की तिथेही स्मार्ट टीव्ही आलाय?

कादवाकाठ
मीही ग्रंथपाल, निफाड तालुका. अहो मॅडम, दाखल नोंदवही ठेवायला तुम्हाला कुणी शिकवायचं! पुस्तक नोंदीशिवाय कपाटात जात नाही, तसं परिपत्रक नोंदीशिवाय ग्रुपवर जाऊ देऊ नका.

मी चार रकाने केलेत: तारीख, विषय, सांकेतांक, कुणाला लागू. शासन निर्णयाच्या शेवटी अठरा आकडी संगणक सांकेतांक असतो, त्यातले पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस. सातव्या वेतन आयोगाचा आपला निर्णय ८ मार्च २०१९ चा, म्हणजे सुरुवात २०१९०३०८. 'आत्ताच आलेला जीआर' म्हणून कुणी पाठवला की मी आधी तेवढंच बघतो. निम्मे तिथेच गळतात. उरलेले शासनाच्या संकेतस्थळावर तोच आकडा टाकून तपासायचे.

पण खरा रकाना चौथा. पेन्शनची बातमी आली की १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेला (जुनी पेन्शनवाला) आणि नंतर लागलेला (नव्या योजनेतला), दोघांचा जीव सारखाच वरखाली होतो. पहिल्याच ओळीत 'कुणाला लागू' लिहिलं की माझे निम्मे फोन वाचतात.

आणि निरोपांचा ग्रुप वेगळा काढा, फक्त अॅडमिनने लिहायचा.

तासिकावाला
फक्त अॅडमिन लिहिणार, मग प्रश्न कुठे विचारायचे? आमच्याकडे असा ग्रुप केला. तीन महिन्यांत लोकांनी म्यूट केला, कारण तिथून नुसते हुकूम यायचे.

आणि एक सांगू का, मी तासिका तत्त्वावर शिकवतो. आम्हाला तर कुठल्याच ग्रुपात घेत नाहीत. मानधनाची बातमी आम्हाला पेपरात कळते, तीही शिपाईकाकांनी दाखवली तर. चौथ्या रकान्यात आमचंही नाव असू द्या.

ग्रंथपाल_गंगापूररोड
सर्वांचे आभार. तासिकावाले सर, तुमचं पटलं. निरोपांचा ग्रुप वेगळा केला, पण प्रत्येक निरोपाखाली माझा नंबर आणि शनिवारी दुपारी तीन ते चार ही वेळ टाकली. त्या तासात लायब्ररीत या, फोन करा, काहीही विचारा. पहिल्या शनिवारी दोघं आले, त्यातले एक पुस्तक परत करायला. तासिका तत्त्वावरच्यांना सभासद करून घेण्याचा विषय पुढच्या बैठकीत मांडतेय. विरोध कोण करणार, तेही माहीत आहे.

सिन्नरचे सर, फळा आहे. खडू मात्र ऑफिसातून मागून आणावा लागला. पेठच्या सरांच्या कॉलेजात रेंजचा भरवसा नाही, तिथे त्यांनाच सहीवाला माणूस नेमलंय. चिडलेला माणूस काम चोख करतो.

पहिला निरोप काल गेला. कुणाला लागू: सहायक प्राध्यापक, ग्रंथपाल. मोठ्या ऐटीत ग्रंथपाल ठळक अक्षरात केलं होतं. दहा मिनिटांत आमच्याच कॉलेजच्या शारीरिक शिक्षण संचालकांचा फोन: "मॅडम, आम्ही काय मैदानातच राहायचं?"

दुरुस्ती आज फळ्यावर लावली. सहीसकट.