'दोनाआड एक' की 'तिनाआड एक'?

वाटसरू
लिनक्स कर्नलला (या संगणकप्रणालीच्या मध्यवर्ती भागाला) सुरू होताना देता येणाऱ्या बूट पर्यायांवर मराठीत टिपण लिहितोय. काही सीपीयू (प्रोसेसर) नेहमीच्या कामांपासून वेगळे ठेवणाऱ्या आयसोलसीपीयूज या पर्यायाला '१-एन:१/३' दिलं, की १६ सीपीयूंच्या यंत्रावर १, ४, ७, १०, १३ बाजूला काढले जातात. तीन-तीनचा गट, त्यातला पहिला घ्यायचा. मी लिहिलं 'दोनाआड एक'. तपासणाऱ्या मैत्रिणीने खोडून 'तिनाआड एक' केलं. बरोबर कोण?

गवतफूल
तुम्ही. आडवा, आडोसा, आडपडदा, सगळ्यांत मधे येणं आहे. इथे मधे २ आणि ३ येतात.

कळशी
मैत्रिणीला चूक म्हणू नका, आमचं निम्मं गाव तसंच मोजतं. 'तीन दिवसांआड पाणी' असं जाहीर झालं. सोमवारी आलं, म्हणून आईने गुरुवारी पाहुणे जेवायला बोलावले. नळ आला शुक्रवारी! शेजारून कळश्या आणून स्वयंपाक झाला.

गाभा
'दर तिसरा' लिहा, वाद मिटेल. आणि कर्नलला 'गाभा' म्हणा. कर्नल फौजेत असतो.

गवतफूल
'दर तिसरा' वाचून माणूस ३, ६, ९ मोजेल. इथे सुरुवात १ पासून आहे. आणि 'गाभा संकलित केला' हे कोणाला कळणार? रोज काम करणारे सगळे कर्नलच म्हणतात.

गाभा
आपण वापरत नाही, म्हणून कळत नाही. 'संगणक'सुद्धा असाच रुळला.

काढा
आयुर्वेदातला चतुर्थक ज्वर पाहा. मधले दोन दिवस मोकळे, म्हणजे १, ४, ७, १०. हुबेहूब तुमची यादी! तरी नाव चौथ्यावरून, कारण ताप आलेला दिवसही मोजतात. एक दिवस सोडून येणारा तो तृतीयक. मैत्रीण बहुधा तापाचा दिवस धरतेय.

वाटसरू
हे फार आवडलं. 'एन'साठी मी 'एकूण' लिहिलंय, चालेल?

गवतफूल
नको! सीपीयूंचे क्रमांक शून्यापासून असतात, १६ सीपीयू असले तर एन १५. 'शेवटचा' लिहा. २०२१ मध्ये एनची ही सोय आली. त्याआधी प्रत्येक यंत्रासाठी शेवटचा आकडा वेगळा टाकावा लागे.

गाभा
'अंत्य' लिहा.

कळशी
अंत्य नको हो, अंत्यविधी आठवतो. बरं, नुसतं 'आठवड्याआड' म्हटलं तर? माझ्या सासरी त्याचा अर्थ आठवड्यातून एकदा.

काढा
काय सांगता! आमच्याकडे पंधरवड्याने.