वर्षाची आवडती कादंबरी ठरवायची कधी: संपवल्याबरोबर की मुरू देऊन?

शेवटचं_पान:
वर्षभरातल्या आवडत्या कादंबऱ्यांच्या याद्या निघाल्या की एक खोड हमखास दिसते. नोव्हेंबर-डिसेंबरात संपवलेल्या वर, फेब्रुवारीतल्या तळाला किंवा गायबच. ताज्या वाचनाची धुंदी आपण आवड म्हणून खपवतो. म्हणून नियम सुचवतो: संपवून ६० दिवस झाल्याशिवाय कादंबरी यादीत घ्यायची नाही. मग पुस्तक न उघडता पाच-सहा ओळी लिहायच्या: मुख्य पात्रांची नावं, एक प्रसंग तपशिलासकट, शेवट. जमलं तर यादीत, नाही तर बाहेर. ३१ ऑक्टोबरनंतर संपवलेल्या पुढच्या वर्षात ढकलायच्या.

उलटटपाली:
साफ नामंजूर. ही स्मरणशक्तीची परीक्षा झाली, आवडीचा इथे संबंधच काय? नावांचंच घ्या. मार्केसच्या 'वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड'मध्ये (१९६७) बुएंदिया घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या होसे आर्कादियो आणि आउरेलियानो हीच नावं फिरतात. कर्नल आउरेलियानोच्या १७ मुलांची नावंही आउरेलियानोच. वाचकाचा गोंधळ व्हावा हा तिथे लेखकाचाच डाव आहे. 'क्राइम अँड पनिशमेंट'मध्ये रास्कोल्निकोव, रोदियोन रोमानोविच आणि रोद्या हा एकच माणूस. त्याची बहीण दुन्या म्हणजेच अव्दोत्या रोमानोव्हना. आदराने बोलताना नावापुढे बापाचं नाव जोडायचं आणि घरात लाडकं नाव वापरायचं, ही रशियन रीत ठाऊक नसलेला वाचक पन्नासाव्या पानालाच अडखळतो. म्हणून काय कादंबरी नावडती?

आणि भाषेसाठी वाचायच्या कादंबऱ्यांचं काय? 'कोसला'चं (१९६३) कथानक सांगायला बसलात तर चार वाक्यांत आटोपतं. तिची मजा पांडुरंग सांगवीकरच्या बोलण्यात आहे, त्या 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे'मध्ये. तो नाद पाच-सहा ओळींत कसा उतरवणार?

शेवटचं_पान:
उदाहरण तुमच्यावरच उलटतंय! 'कोसला' मिटून कितीही दिवस झाले तरी पांडुरंगच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूचा भाग विसरतो कोण? नाद आणि प्रसंग दोन्ही उरतात, म्हणून तर ती टिकली. 'रणांगण' (१९३९) तर आकाराने लहानशी, बहुतेक सगळी बोटीवर घडणारी. तरी नायिका हॅर्टा आणि तो प्रवास विसरता येत नाही. नावांचा मुद्दा मात्र मान्य. नावं काढून टाकू. 'कोण कोणाचं कोण' एवढं लिहिता आलं तरी बास.

क्रमवार:
दोघेही मोजमाप सोडून भांडताय. खरी अडचण ताऱ्यांची आहे. पाचपैकी तारे द्यायला लागलं की जवळजवळ सगळ्यांना चारच मिळतात आणि डिसेंबरात हाती काही लागत नाही. त्यापेक्षा तारे सोडा, चालू क्रमवारी ठेवा. नवी कादंबरी संपली की आधी यादीतल्या मधल्या कादंबरीशी तुलना करायची. हिच्यापेक्षा सरस? मग वरच्या अर्ध्या भागातल्या मधलीशी. नाही? खालच्या अर्ध्यातल्या. विसावी कादंबरी बसवायला फार तर ५ तुलना लागतात. वीसही कादंबऱ्या एकमेकींशी लावत बसलात तर १९० जोड्या होतात, ते कोणी करत नाही.

फसतं कुठे तेही सांगतो. एका तुलनेत भाषा पाहिली, दुसरीत कथानक आणि तिसरीत शेवट, की क्रम गोल फिरतो: पहिली दुसरीपेक्षा सरस, दुसरी तिसरीपेक्षा आणि तिसरी पुन्हा पहिलीपेक्षा. उपाय एकच: प्रश्न वर्षभर बदलायचा नाही. 'आज यातली कुठली पुन्हा हातात घेईन?' हा पुरतो.

उलटटपाली:
हे पटलं. पण हीही नोंद संपवल्या दिवशीचीच, म्हणजे ६० दिवसांचा नियम गेलाच की! मी तर म्हणतो, नोंद वाचतानाच करा. साधारण पन्नासाव्या पानाला एक ओळ, निम्म्यावर एक, संपल्यावर एक. पहिल्या ओळीतला वैताग आणि तिसरीतला आनंद शेजारीशेजारी दिसले की आवड कशी घडली ते कळतं. दोन महिन्यांनी त्यातलं फक्त शेवटचं मत उरतं, वाटेतला वैताग पुसला जातो.

खूणपट्टी:
एक बारीक सूचना. नोंदीत पान क्रमांकाबरोबर प्रकरण क्रमांकही टाका. ई-रीडरवर अक्षर मोठं केलं की पडद्यांची संख्या बदलते, छापील पुस्तकात आवृत्ती बदलली की पानं सरकतात; प्रकरण जागेवर राहतं. आणि भाषांतर वाचलं असेल तर भाषांतरकाराचं नाव हवंच. भाषेला दाद देताना ती कोणाला देतोय हे तरी कळू दे.

बाकी 'वॉर अँड पीस'चं काय करायचं? ३६१ प्रकरणं. रोज एक वाचलं तर जवळजवळ अख्खं वर्ष जातं. १ जानेवारीला सुरू केली तर संपते २७ डिसेंबरला, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या नियमाने ती ज्या वर्षी वाचली त्या वर्षाच्या यादीत कधीच येणार नाही.

शेवटचं_पान:
येईल की, पुढच्या वर्षीच्या. ६० दिवसांनंतरही ती वर राहिली तर जागा पक्की.

क्रमवार:
पुढच्या वर्षीची यादी लावताना तिची तुलना कुठल्या वर्षातल्या कादंबऱ्यांशी करायची, तेवढं सांगा.