मदत हवी आहे: आश्रयाचा अर्ज नाकारला गेलेल्या व्यक्तीला ब्रिटनमध्ये कायदेशीर नोकरी देता येते का?

रानजाई, ९ नोव्हेंबर २०२४

नमस्कार. मी मूळची साताऱ्याची. गेली अकरा वर्षे इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड येथे राहते आणि एका खासगी केअर होममध्ये डेप्युटी मॅनेजर म्हणून काम करते. प्रश्न माझ्या स्वतःच्या व्हिसाचा नाही, पण तो माझ्या मनाला फार लागून राहिला आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

दर शनिवारी मी एका धर्मादाय संस्थेच्या अन्नवाटप केंद्रात मदतीला जाते. तेथे माझ्यासारख्याच मदतीला येणाऱ्या एका बाईंशी दोन वर्षांत चांगला घरोबा झाला आहे. त्यांचे नाव आणि इतर खुणा मी मुद्दाम देत नाही. त्या इरिट्रियाच्या आहेत, तिग्रिन्या बोलतात, आणि देश सोडण्यापूर्वी एका दवाखान्यात परिचारिकांच्या हाताखाली काम करत होत्या. त्यांचा आश्रयाचा अर्ज २०२१ मध्ये नाकारला गेला. त्या इरिट्रियाच्या नसून इथिओपियाच्या असाव्यात, हा त्यामागचा मुख्य मुद्दा होता. मार्च २०२२ मध्ये अपिलाचा मार्गही संपला. पुढे एका नातेवाइकाकडून त्यांच्या वडिलांची कागदपत्रे मिळाली आणि ती जोडून वकिलांनी १८ ऑगस्ट २०२३ रोजी नवे निवेदन, म्हणजे येथे ज्याला ‘फर्दर सबमिशन्स’ म्हणतात ते, दाखल केले. त्यावर अद्याप निर्णय झालेला नाही. सध्या त्या सरकारने दिलेल्या सामायिक घरात राहतात आणि आठवड्याला मिळणाऱ्या ४९.१८ पौंडांवर भागवतात. हे पैसे कार्डावर येतात आणि रोख काढता येत नाहीत, त्यामुळे बसच्या सुट्या पैशांसाठीसुद्धा त्यांना कोणाकडे तरी तोंड वेंगाडावे लागते.

आमच्याकडे जूनपासून रात्रपाळीच्या दोन जागा रिकाम्या आहेत. जाहिराती देऊनही टिकणारी माणसे मिळत नाहीत. गेल्या नाताळात संस्थेची मंडळी आमच्या रहिवाशांना भेटायला आली होती, तेव्हा या बाई स्मृतिभ्रंश झालेल्या एका आजींच्या शेजारी तासभर बसल्या होत्या. आजींना त्यांची भाषा कळत नव्हती आणि यांना आजींचे यॉर्कशरी इंग्रजी कळत नव्हते, तरी त्या दिवशी आजी शांतपणे जेवल्या. या कामाला लागणारी माया शिकवून येत नाही, हे माझे अनुभवाचे मत आहे.

आमच्या मालकांना मी हे सांगितले. त्यांची इच्छा चांगली आहे. त्यांनी सुचवले की कामाची परवानगी मिळेपर्यंत या बाईंनी ‘स्वयंसेवक’ म्हणून आठवड्यातून तीन दिवस यावे, जेवण आमच्याकडे घ्यावे, आणि आम्ही त्यांना दर आठवड्याला वीस पौंडांचे सुपरमार्केटचे व्हाउचर द्यावे. मला हे ऐकताना बरे वाटले, पण मनात शंकाही आली.

एकदा अर्ज नाकारला गेल्यावर कामाची परवानगी मागता येते का? मालकांची सूचना कायद्यात बसते का? आणि नोकरी लागल्यास त्यांचे घर आणि भत्ता यांचे काय होईल? ज्यांना खात्रीची माहिती आहे त्यांनीच कृपया लिहावे. माझ्या चुकीची किंमत मला नव्हे, त्यांना मोजावी लागेल.

गवाक्ष, ९ नोव्हेंबर २०२४

पुढे काहीही ठरवण्याआधी दोन गोष्टी पाहून सांगाल का? त्यांच्या एआरसी कार्डावर, म्हणजे आश्रयार्थी म्हणून मिळालेल्या ओळखपत्रावर, कामाविषयी काय छापले आहे? आणि ऑगस्ट २०२३ मधले निवेदन आश्रयाच्याच मुद्द्यावर आहे, की केवळ ब्रिटनमधील कौटुंबिक आणि खासगी जीवनाच्या मुद्द्यावर?

रानजाई, १० नोव्हेंबर २०२४

कार्डावर काम करण्यास मनाई असल्याचे छापले आहे. निवेदनाची पोच त्यांच्याकडे आहे. त्यांच्या परवानगीने मी ती वाचली. त्यात राष्ट्रीयत्वाचा नवा पुरावा आहे आणि परत पाठवल्यास छळ होईल, असा मुद्दा स्पष्ट मांडला आहे.

ओढ्याकाठी, १० नोव्हेंबर २०२४

मी काही वर्षे लीड्समधील एका सल्लाकेंद्रात काम केले आहे, त्या आधारे सर्वसाधारण माहिती देतो. आधी एक सावधगिरी. या देशात इमिग्रेशनचा सल्ला देण्याचे काम नियंत्रित आहे. १९९९ च्या इमिग्रेशन आणि आश्रय कायद्यानुसार नोंदणी नसलेल्या व्यक्तीने असा सल्ला देणे गुन्हा ठरू शकतो, मग ती मोबदला घेवो अथवा न घेवो. म्हणून रानजाईताई, अर्ज तुम्ही भरून देऊ नका. त्यांच्या वकिलांकडूनच करवून घ्या.

आता मूळ प्रश्न. नाकारला गेलेला अर्जदार कामाची परवानगी कधीच मागू शकत नाही, ही समजूत चुकीची आहे. इमिग्रेशन नियमांच्या परिच्छेद ३६०-सी प्रमाणे, परिच्छेद ३५३ खाली विचारात घ्यावयाच्या नव्या निवेदनात आश्रयाचे मुद्दे असतील, ते नोंदवल्यापासून एक वर्ष उलटूनही निर्णय झाला नसेल, आणि हा विलंब अर्जदारामुळे झालेला नसेल, तर परवानगी मागता येते. गवाक्ष यांनी विचारलेला प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा होता, कारण निवेदन फक्त खासगी जीवनाच्या मुद्द्यावर असते तर हे दार बंदच राहिले असते. तुमच्या परिचित बाईंच्या बाबतीत ऑगस्ट २०२४ मध्ये वर्ष पूर्ण झाले आहे. या अर्जाला शुल्क नाही. विलंब त्यांच्यामुळे नाही हे दाखवण्यासाठी होम ऑफिसने, म्हणजे ब्रिटनच्या गृहखात्याने, काही मागितले असल्यास ते कधी पाठवले, मुलाखत बुडवलेली नाही ना, पत्ता बदलल्यावर कळवले होते का, हे सारे तारखांसह मांडलेले बरे.

परवानगी मिळाली तरी ती मर्यादित असते. २०२४ च्या नियमांप्रमाणे ज्या व्यवसायांची नावे ठरावीक यादीत आहेत तेवढेच काम करता येते. ही यादी पूर्वी ‘शॉर्टेज ऑक्युपेशन लिस्ट’, म्हणजे माणसे कमी पडणाऱ्या व्यवसायांची यादी, होती; ४ एप्रिल २०२४ पासून तिची जागा ‘इमिग्रेशन सॅलरी लिस्ट’ने घेतली आहे. स्वतःचा व्यवसाय करता येत नाही आणि स्वयंरोजगारही चालत नाही, त्यामुळे एखाद्या एजन्सीने स्वयंरोजगाराच्या कागदावर सही मागितली तर ती करू नये. तुमच्या दृष्टीने चांगली गोष्ट अशी की केअर वर्कर हा व्यवसाय फेब्रुवारी २०२२ मध्ये जुन्या यादीत आला आणि २०२४ च्या नव्या यादीतही आहे. मात्र ही परवानगी म्हणजे राहण्याचा हक्क नव्हे. निवेदन हा नवा दावा ठरत नाही असा निर्णय झाला, किंवा दावा ठरूनही सर्व अपिले संपली, की ती संपते.

मालकांच्या सूचनेबद्दल मात्र मला स्पष्ट लिहिले पाहिजे: ती मुळीच अमलात आणू नका. आश्रयार्थींना आणि नाकारल्या गेलेल्या अर्जदारांनाही स्वयंसेवा करता येते, पण ती धर्मादाय संस्था, स्वयंसेवी संघटना किंवा सार्वजनिक क्षेत्रातील संस्था यांच्यासाठी असावी लागते. तुमचे केअर होम खासगी कंपनी आहे. शिवाय ती सेवा पगारी कर्मचाऱ्याच्या जागी नसावी, आणि प्रत्यक्ष झालेल्या खर्चापलीकडे काहीही दिले जाऊ नये. दोन जागा रिकाम्या असताना त्याच ठिकाणी आठवड्याला तीन दिवस विनावेतन सेवा आणि वर ठरलेले व्हाउचर, हे कोणत्याही अधिकाऱ्याला नोकरीच वाटेल. मनाई असताना काम करणे हा त्या बाईंसाठी गुन्हा आहे, त्यात तुरुंगवास होऊ शकतो. मालकांसाठी हा दंडाचा आणि किमान वेतनाचाही प्रश्न होईल. चांगल्या मनाने दिलेले वीस पौंड त्यांच्या साऱ्या प्रकरणाला डाग लावतील.

कोकणकडा, ११ नोव्हेंबर २०२४

मी बर्मिंगहॅमजवळ एका केअर कंपनीत भरती पाहतो. मालकांना पटवण्यासाठी एक आकडा पुरेल. १३ फेब्रुवारी २०२४ पासून परवानगी नसलेल्या प्रत्येक कामगारामागे पहिल्या चुकीला ४५,००० पौंडांपर्यंत आणि पुन्हा झाल्यास ६०,००० पौंडांपर्यंत दंड आहे; पूर्वी कमाल २०,००० होता. मनाई आहे हे माहीत असून कामावर ठेवले तर तो फौजदारी गुन्हा होतो.

परवानगी आल्यावर कार्डावरचा मजकूर बदलतो, पण केवळ नवे कार्ड पाहून समाधान मानू नका. होम ऑफिसच्या एम्प्लॉयर चेकिंग सर्व्हिसकडे चौकशी करून ‘पॉझिटिव्ह व्हेरिफिकेशन नोटीस’, म्हणजे कामाची परवानगी असल्याची लेखी खात्री, घ्यावी लागते. ही नोटीस आली की मगच रुजू करून घ्या. ती सहा महिन्यांचेच संरक्षण देते, त्यामुळे मुदत संपण्यापूर्वी पुन्हा तपासणी करायची. आमच्याकडे ही तारीख डीबीएसच्या, म्हणजे गुन्हेगारी पार्श्वभूमीच्या तपासणीच्या, नोंदीशेजारीच लिहिलेली असते, म्हणजे ती नजरेतून सुटत नाही.

तिसरा_प्रहर, ११ नोव्हेंबर २०२४

मनातली शंका लिहितो, कोणी दुखावले जाऊ नये. आम्ही व्हिसाचे शुल्क भरून आणि वर्षाला १,०३५ पौंड आरोग्य अधिभार देऊन येथे आलो. अर्ज आणि अपील दोन्ही फेटाळले गेल्यावरही कामाची परवानगी मिळत असेल, तर मग नकाराला काय अर्थ उरला?

ओढ्याकाठी, ११ नोव्हेंबर २०२४

तुमचा प्रश्न रास्त आहे आणि नेमका तोच वाद येथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. जुलै २००२ पर्यंत सहा महिने थांबलेल्या आश्रयार्थीला परवानगी मागता येत असे. ती सवलत रद्द झाली. नंतर युरोपीय संघाच्या २००३ च्या निर्देशामुळे २००५ पासून एक वर्षाची अट आली. सरकारचे म्हणणे होते की हा निर्देश केवळ पहिल्या अर्जाला लागू आहे. २८ जुलै २०१० रोजी ‘झेडओ, सोमालिया’ या प्रकरणात न्यायालयाने ते अमान्य केले आणि नकारानंतर पुन्हा दावा करणाऱ्यांनाही ही तरतूद लागू असल्याचे ठरवले. त्यानंतर सुमारे सहा आठवड्यांनीच, सप्टेंबर २०१० मध्ये, सरकारने यादीतील व्यवसायांची मर्यादा घातली. म्हणजे हक्क मान्य झाला, पण दार फार अरुंद ठेवले गेले.

नकाराला अर्थ आहेच. पण नवा पुरावा दिल्यानंतर त्यावर निर्णय देण्याचे काम शासनाचे असते आणि त्या काळात माणसाला खावे लागते. माझ्यासमोर बसलेले कितीतरी लोक पहिल्या नकारानंतर तीन-चार वर्षांनी निर्वासित म्हणून मान्य झाले. मधली वर्षे त्यांना कोणी परत दिली नाहीत. त्यांतील काही जण कौशल्य विसरले आणि काहींचा स्वतःवरचा विश्वासच गेला. सहा महिन्यांनंतर काम करू द्यावे अशी दुरुस्ती २०२२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने केली होती, कॉमन्सने ती फेटाळली. मला तो निर्णय आजही चुकीचा वाटतो.

रानजाई, १२ नोव्हेंबर २०२४

तिसरा_प्रहर, तुम्ही मोकळेपणाने विचारलेत हे बरे झाले, कारण आमच्या मराठी मंडळातही हेच बोलले जाते. मी स्वतः तोच अधिभार भरला आहे. मात्र पहिल्या दिवसापासून कर भरून उभे राहण्याची संधी मला मिळाली, तीच या बाई मागत आहेत.

ओढ्याकाठी, घराबद्दलचा माझा प्रश्न राहिला आहे.

ओढ्याकाठी, १२ नोव्हेंबर २०२४

तो सर्वांत अवघड भाग आहे. त्यांना मिळणारी मदत त्याच १९९९ च्या कायद्याच्या कलम ४ खालील दिसते, आणि ती निराधार व्यक्तीलाच मिळते. नोकरी लागताच ते कळवणे बंधनकारक आहे, आणि पूर्णवेळ पगार सुरू झाला की भत्ता व घर दोन्ही जाण्याची शक्यता गृहीत धरा. इंग्लंडमध्ये खासगी घर भाड्याने घेण्यासाठीही वैध दर्जा लागतो. तो नसल्यास भाड्याने राहण्याची वेगळी परवानगी होम ऑफिसच्या विवेकावर अवलंबून असते आणि घरमालकाला तशी चौकशी करावी लागते. पगार हाती, पण भाड्याने घर नाही, अशी अवस्था मी पाहिली आहे. त्यामुळे वकिलांना दोन्ही गोष्टी एकाच भेटीत विचारा. रुजू होण्याची तारीख घराची सोय होईल त्या बेताने ठरवता आली तर उत्तम.

रानजाई, ३० नोव्हेंबर २०२४

सर्वांचे मनापासून आभार मानून पुढचे कळवते. मालकांना मी दंडाचे आकडे आणि स्वयंसेवेचा नियम दोन्ही दाखवले. त्यांनी सूचना लगेच मागे घेतली. वकिलांनी परवानगीचा अर्ज २१ तारखेला पाठवला आहे. दरम्यान, येथील एक धर्मादाय संस्था वृद्धांसाठी दिवसभराचे केंद्र चालवते. तेथे गप्पा, वाचन आणि चहापाण्याच्या वेळी सोबत करण्यासाठी या बाई मंगळवारी जाऊ लागल्या आहेत. बसचे जेवढे तिकीट तेवढेच पैसे मिळतात, पावती दाखवून. पुढे शिफारसपत्रही मिळेल.

एक शेवटची शंका उरली आहे. केअर क्षेत्राच्या व्हिसाचे नियम यंदा सतत बदलत आहेत, मार्चपासून नव्या केअर वर्करना कुटुंबही आणता येत नाही. परवानगी येईपर्यंत हा व्यवसायच यादीतून वगळला गेला तर?

ओढ्याकाठी, ३० नोव्हेंबर २०२४

नियमाची भाषा अशी आहे की नोकरीचा प्रस्ताव स्वीकारला त्या वेळी ते पद यादीत असले पाहिजे. म्हणून परवानगी येताच प्रस्ताव लेखी द्या, त्यात पदाचे नाव आणि व्यवसाय-क्रमांक लिहा, आणि त्यांच्याकडून तारखेसह लेखी स्वीकृती घ्या. त्याच दिवशीची यादी छापून दोन्ही कागद एकत्र ठेवा. चेकिंग सर्व्हिसची चौकशी त्यानंतर लगेच करा.