यात्रेत शाळेसाठी २ लाख १० हजार जमलेत, स्मार्ट पॅनल घ्यावा का आधी दुसरं काही? प्लॅनिंग कसं करू

गुरुजी_आटपाडी

नमस्कार मंडळी. आटपाडी तालुक्यातल्या एका वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत मुख्याध्यापक आहे, पहिली ते सातवी, पट ९१, आम्ही चौघं शिक्षक. आमच्या गावची बरीच माणसं गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) धंद्यात आहेत, कोण केरळात कोण तमिळनाडूत कोण पार कलकत्त्याला, चैत्रात यात्रेला सगळी गावी येतात. यंदा पालखी झाल्यावर देवळासमोरच बसून शाळेसाठी वर्गणी काढली आणि तासाभरात २ लाख १० हजार जमले, मला खरंच भरून आलं.

आता सगळ्यांचं म्हणणं आहे की शाळा डिजिटल करायची म्हणजे स्मार्ट पॅनल (बोटाने चालणारा मोठा टीव्हीसारखा फळा) पाहिजेच, शेजारच्या गावात आहे मग आपल्याकडे का नको. एका दुकानदाराने ६५ इंचीचं कोटेशन दिलंय, १ लाख ४८ हजार. उरलेल्यात टॅब घ्या म्हणतात.

माझा जीव घाबरतोय तो यासाठी की हे एकदा झालंय. २०१६ ला अशीच वर्गणी काढून १२ टॅब घेतले होते. पहिलं वर्ष झकास चाललं, मग जे सर ते सगळं बघायचे त्यांची बदली झाली, चार्जिंगकडे कोणी बघितलं नाही. मागच्या आठवड्यात ते कपाट उघडलं तर अर्ध्या टॅबची पाठ फुगून वर आलीय, एकाची काच बॅटरीने आतून ढकलून बाहेर काढलीय, आणि पाठीवरचे देणगीदारांच्या नावाचे स्टिकर मात्र अजून कोरे करकरीत आहेत. त्यातले एक काका आता राहिले नाहीत, त्यांच्या मुलाने यंदा परत ११ हजार दिले. त्याला मी काय तोंड दाखवू सांगा.

लाईट दुपारी जाते, शेतीपंप सुरू असले की व्होल्टेज पडतं, रेंज फक्त ओट्यावर लिंबाखाली येते. जूनच्या मध्यावर शाळा सुरू, त्याआधी शाळा व्यवस्थापन समितीची बैठक आहे. कुणी हे नीट केलं असेल तर सांगा, कुठून सुरुवात करायची?

वर्षा_मॅडम_नंदुरबार

सर आधी पैशाचा विषय बाजूला ठेवा आणि चौघं शिक्षक एक दिवस बसा, वर्गवार लिहून काढा की मुलं नेमकी कुठं अडकतात. "गणित कच्चं" असं लिहू नका, एकदम बारीक लिहा. आम्ही बसलो तेव्हा दोनच गोष्टी ठळक निघाल्या, एक म्हणजे तिसरीतली सात मुलं जोडाक्षराला थांबायची, आणि पाचवीला अपूर्णांक कळत नव्हते.

वाचनासाठी आम्ही एक रुपयाही खर्च केला नाही. माझ्याच फोनवर मुलाचं वाचन रेकॉर्ड करायचं, एक मिनिट, आणि लगेच त्यालाच ऐकवायचं. एक मुलगा होता, "शिक्षण" शब्दाला दरवेळी अडायचा आणि मी सांगितलं की मान खाली घालायचा. स्वतःचा आवाज कानाला लावून ऐकला आणि बोट ठेवून म्हणाला मॅडम मी हितं थांबतो. मग आपणच पुन्हा वाचलं, तीनदा वाचलं. दर शुक्रवारी रेकॉर्ड करून ठेवलं आणि दिवाळीला त्याच्या आईला पहिलं आणि शेवटचं असं दोन्ही ऐकवलं. गुगलचं रीड अलाँग ॲप पण आहे, मराठीत आहे, गोष्टी एकदा डाऊनलोड केल्या की नेट लागत नाही.

अपूर्णांकाचं सांगते. मुलांना १/४ हा १/३ पेक्षा मोठा वाटतो कारण ४ मोठा. भाकरीचे तुकडे करून दाखवायचे पण भाकरीचे पाच, सहा, आठ सारखे भाग करता करता तास संपतो. फेट म्हणून कोलोरॅडो विद्यापीठाची सिम्युलेशन्स (पडद्यावर हलवून बघायचे प्रयोग) आहेत, फुकट आहेत, बरीच मराठीत आहेत, ऑफलाईन उतरवून ठेवता येतात. त्यात खालचा आकडा वाढवला की गोलाचा तुकडा डोळ्यासमोर बारीक होत जातो. तिथं मुलं आपणच ओरडली की आकडा वाढला की वाटा कमी. त्यासाठी आम्हाला एक जुना लॅपटॉप आणि ४३ इंची टीव्ही पुरला, वर्गात १६ मुलं होती.

तुमची यादी झाली की मग कळेल पॅनल लागतो का नाही.

तारजोडणी

मी तालुक्याला इलेक्ट्रिकची कामं करतो, दहाबारा शाळांची केलीत. गुरुजी काही पण घ्या पण पहिला खर्च अर्थिंगवर (जादाची वीज जमिनीत उतरवणाऱ्या जोडणीवर) करा. बहुतेक शाळांना अर्थिंग नावालाच असतं, खड्डा कोरडा पडलेला असतो. वायरमनला सांगा न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजून दाखव, दोनतीन व्होल्टच्या वर असेल तर आधी ते काम करा. मागं एका शाळेत मी गेलो तर नवीन पॅनलचा बोर्ड महिन्यात जळालेला, कंपनी म्हणाली व्होल्टेजमुळे झालं वॉरंटीत बसत नाही.

दुसरं बॅकअप. हिशोब साधा आहे. १५० एएचची (अँपिअर-तासांची) ट्युब्युलर बॅटरी म्हणजे १२ व्होल्टने १८०० वॉट-तास, त्यातले धरून चालायचे हजार अकराशे. ४३ इंची टीव्ही आणि स्पीकर मिळून १०० वॉट धरले तर आख्खी शाळा सुटेपर्यंत निघतं. ६५ इंची पॅनल २०० वॉटच्या आसपास खातो, म्हणजे पाच तास, आणि बॅटरी जुनी झाली की तीन. डिस्टिल्ड वॉटर कोण घालणार ते आत्ताच ठरवा, उन्हाळ्याच्या सुट्टीत बॅटरी सुकते आणि जूनमध्ये मला फोन येतो.

टॅबचं तुम्ही म्हणालात ते. लिथियमची बॅटरी पूर्ण उतरवून पत्र्याखालच्या गरम कपाटात ठेवली की ती फुगणारच. सुट्टीत ठेवायचे तर अर्धे चार्ज करून ठेवायचे आणि दोन महिन्यांनी परत बघायचं. जे फुगलेत ते चालू करायचा प्रयत्न करू नका, टोचू नका, मुलांच्या हाताला लागू देऊ नका, ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या.

आणि मे-जूनच्या वळवात वीज कडाडायला लागली की प्लगच्या पिना काढायच्या, बटण बंद करून भागत नाही.

सहावी_ब

मी जरा वेगळं सांगतो, पॅनलला एवढं नाव ठेवू नका. आमच्या शाळेत सहावीला ४६ मुलं आहेत, टीव्ही मागच्या बाकावर दिसतच नाही. पॅनलवर मुलगा स्वतः उठून येतो, भूमिती बोटाने काढतो, जिओजेब्रा नावाच्या गणिताच्या ॲपमध्ये त्रिकोणाचा कोपरा ओढला की तिन्ही कोनांची बेरीज १८० च राहते हे त्याचं तोच बघतो. मी तीन वर्षं वापरतोय रोज.

पण हे चाललं त्याचं कारण आमच्या मुख्याध्यापिकांनी खरेदीच्या आधीच वेळापत्रकात प्रत्येक वर्गाचे पॅनलचे तास टाकले आणि पहिले तीन महिने दर शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही एकमेकांना एकेक पाठ करून दाखवायचो. चुकायचो, परत करायचो. ज्या मॅडम माऊसला हात लावायच्या नाहीत त्याच आता सगळ्यात जास्त वापरतात. दुकानदाराने दिलेलं ट्रेनिंग एक तासाचं होतं, त्यात चालू-बंद कसं करायचं एवढंच.

तुमच्या ९१ पटाला म्हणजे वर्गात सरासरी १३ मुलं, तुम्हाला ६५ इंचीची गरज मला पण वाटत नाही.

गुरुजी_आटपाडी

सगळ्यांचे मनापासून आभार. वर्षा मॅडम, आज सुट्टीतसुद्धा तिघं शिक्षक आले, आम्ही बसलो यादी करायला. दुसरी-तिसरी एकत्र बसते त्यातली नऊ मुलं वाचनात मागे, चौथी-पाचवीला भागाकार, आणि सहावी-सातवीला इंग्रजी बोलायला घाबरतात. बाकी बरंच लिहिलं पण या तीनवर सगळ्यांचं एकमत झालं. एक शंका, गावकरी विचारतायत की प्रत्येक मुलाला टॅब दिला तर मुलं आपली आपण शिकतील, त्यांना काय सांगू?

पुण्यातला_पालक

शिक्षणाच्या कामात आहे म्हणून लिहितोय. प्रत्येक मुलाला एक यंत्र हा प्रयोग पेरू देशाने मोठ्या प्रमाणावर केला, खेड्यातल्या प्राथमिक शाळांत लॅपटॉप वाटले. २०१२ मध्ये त्याचा अभ्यास आला, ३१९ शाळांचा, त्यात गणितात आणि भाषेत काही फरक दिसला नाही. लॅपटॉप होते, पण शिकवण्यात काही बदललं नव्हतं.

उलट दिल्लीत सहावी ते नववीच्या मुलांसाठी शाळा सुटल्यावर एक केंद्र चालवलं होतं, त्याचा अभ्यास २०१९ ला छापून आला. मुलाची खरी पातळी ओळखून तिथूनच प्रश्न देणारं सॉफ्टवेअर ४५ मिनिटं आणि पुढची ४५ मिनिटं छोट्या गटात शिकवायला माणूस. साडेचार महिन्यांत गणितात चांगलीच झेप दिसली, हिंदीत पण. सातवीतलं मूल तिसरीच्या गणितावर असेल तर त्याला तिसरीचंच मिळत होतं, वर्गात एकट्या शिक्षकाला हे रोज करणं किती अवघड आहे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

घरच्या फोनचं पण गावकऱ्यांशी बोला. असर (प्रथम संस्थेची ग्रामीण शिक्षणाची पाहणी) २०२४ च्या अहवालात ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांनी स्मार्टफोन वापरता येतो असं सांगितलं, त्यातल्या ५७ टक्क्यांनी मागच्या आठवड्यात अभ्यासासाठी वापरला होता आणि ७६ टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. यंत्र हातात आहेच, त्यावर काय करायचं हे शाळेने लावून द्यायचं आहे.

तुमच्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीला रणजितसिंह डिसले सरांनी काय केलं बघा ना, ज्यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला. मुलांची घरची भाषा कन्नड, पुस्तक त्यांना कळत नव्हतं, म्हणून सर आधी ती भाषा शिकले, मग पुस्तकात क्यूआर कोड लावून कविता आणि पाठ ऐकायची सोय केली. आधी मुलांची अडचण ओळखली, यंत्र नंतर आलं.

निवृत्त_केंद्रप्रमुख

गुरुजी, अनुभवाने चारदोन गोष्टी सांगतो, रुक्ष वाटतील पण ऐका.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२ प्रमाणे शाळा विकास आराखडा व्यवस्थापन समितीनेच करायचा असतो. हा सगळा विषय त्या आराखड्यात ठरावासकट घाला. समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात, त्या आयांना बैठकीत नुसतं सहीला बोलवू नका, कुठल्या मुलाचं काय अडतंय ते त्यांना विचारा. आराखड्यात लिहून ठेवलेलं तुमची बदली झाली तरी राहतं. तुमच्या त्या टॅबचं तेच झालं, सगळं एका माणसाच्या डोक्यात होतं. प्रत्येक वस्तूला दोन शिक्षक आणि सातवीची दोन मुलं जबाबदार असं लिहा, आणि सातवीने दर मार्चमध्ये सहावीला शिकवून जायचं.

सगळे पैसे पहिल्या वर्षी खर्च करू नका. पाचवा हिस्सा तरी बँकेत ठेवा, बॅटरी तीनचार वर्षांत जाते आणि तेव्हा यात्रेत परत कोणी बॅटरीसाठी वर्गणी देत नाही. तीन दरपत्रकं घ्या, दुरुस्तीला माणूस शाळेत येणार का तालुक्याला घेऊन जायचं ते पावतीवर लिहून घ्या. वस्तू जडसंग्रह वहीत (शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत) चढवा. वीजबिलावर दर कुठला लागलाय तेही बघा, शाळेला सार्वजनिक सेवेचा गट असतो, मी एका शाळेत व्यापारी दराने बिल भरताना बघितलंय, शेवटी थकलं आणि लाईट तोडली, संच पेटीतच राहिला. आणि सुट्टीत चोऱ्या होतात, खिडकीला ग्रील नसेल तर टीव्ही ट्रॉलीवर घ्या, सुट्टीत पोलीस पाटलांच्या घरी ठेवा.

अजून एक. शाळेत संगणक आला की यूडायस (शाळेची सरकारी आकडेवारी), शालार्थ (पगाराची नोंद), पोषण आहार सगळी माहिती त्याच्यावरच भरायला लागतात आणि तो ऑफिसात जाऊन बसतो. मुलांचा लॅपटॉप मुलांचाच, हे ठरावात लिहा.

गुरुजी_आटपाडी

काल बैठक झाली, सांगायला उशीर झाला माफ करा. सुरुवातीला आवाज चढले, पॅनल नाही म्हणजे पैसे कशाला दिले असं एकजण म्हणाले. मग मी ते कपाट उघडून टॅब सगळ्यांसमोर टेबलावर मांडले आणि तिसरीतल्या एका मुलीचं वाचन फोनवर ऐकवलं, तिच्या आईला आधी विचारून. खोली गप्प झाली. तिची आईच म्हणाली की गुरुजी आधी हिचं बघा.

ठरलं ते असं. अर्थिंग, वायरिंग, इन्व्हर्टर-बॅटरी आणि ग्रील आधी, त्यानंतर ट्रॉलीवरचे दोन ४३ इंची टीव्ही, दोन लॅपटॉप, दोन ब्लूटूथ स्पीकर. ४५ हजार शाळेच्या खात्यात वेगळे. टॅब यंदा नाहीत. वाचनाचं रेकॉर्डिंग १ जुलैपासून दर शुक्रवारी, भागाकाराचे तास मंगळवार आणि गुरुवार, शनिवारी आम्ही चौघं एकमेकांना पाठ दाखवणार. दिवाळीत गलाईवाले परत येतात तेव्हा त्यांना मुलांची पहिली आणि शेवटची रेकॉर्डिंगं ऐकवायची असं समितीने स्वतःहून ठरवलं.

त्या काकांच्या मुलाला कोइमतूरला फोन केला, सगळं खरं सांगितलं, टॅबचं पण. तो म्हणाला गुरुजी बॅटरीत पाणी घालायचं काम माझ्या पुतण्याकडे द्या, सहावीत आहे, मी रविवारी फोन करून विचारत जाईन.

तारजोडणी दादा, वायरमन सोमवारी येतोय. नवा अर्थिंगचा खड्डा हातपंपाच्या सांडपाण्याजवळ घेतला तर चालेल का, तिथं बारा महिने ओल असते.

तारजोडणी

चालेल, उलट चांगलं. फक्त मुलांच्या पाणी प्यायच्या जागेपासून आणि हातपंपाच्या लोखंडापासून लांब घ्या, वर चेंबर करून झाकण टाका. काम झालं की वायरमन समोर असतानाच परत मोजून घ्या आणि आकडा वहीत लिहून ठेवा.