अनुभव धागा: देवांच्या बागेतल्या लाल पायवाटा (गार्डन ऑफ द गॉड्स, कोलोराडो स्प्रिंग्ज)

कोलोराडोत फिरायला येणारे मित्र आणि नातेवाईक आम्हाला हमखास विचारतात, "गार्डन ऑफ द गॉड्सला तासभर पुरेल ना?" लाल वाळूखडकाच्या सुळक्यांचं हे उद्यान, पण त्यांचा बेत एवढाच: गाडीतून एक चक्कर, बॅलन्स्ड रॉक या तोल सावरून उभ्या मोठ्या दगडाला हात टेकवून फोटो, की लगेच पाइक्स पीक या शिखराकडे. दर वेळी माझा जीव तुटतो. अकरा वर्षं या गावात राहतेय, तरी तिथल्या सगळ्या पायवाटा पाहून झाल्या असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. म्हणून हा धागा काढते आहे. जे तिथे पायी फिरलेत त्यांनी लिहा. कधी गेलात, कुठून चाललात, काय चुकलं, काय मनात राहिलं. वेळापत्रक आणि नकाशे सगळ्यांना मिळतात, तुमचं स्वतःचं लिहा.

सुरुवात मी करते. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात आई आली होती. वय ७२, गुडघे दुखरे. "मी गाडीतच बसते, तुम्ही या जाऊन," हे तिचं ठरलेलं वाक्य. पण मधली पर्किन्स सेंट्रल गार्डनची वाट सिमेंटची आहे, मैल-दीड मैलाची, फारसा चढ नाही. व्हीलचेअरही जाते. आईला हाताला धरून नेलं. नॉर्थ गेटवे रॉक या प्रचंड सुळक्यापाशी पोचल्यावर ती थांबली आणि मान वर करून बघतच राहिली. मग पुढे होऊन तिने दगडाला तळवा टेकवला. सकाळचे साडेआठ वाजले असतील, दगड नुकता कोमट होऊ लागला होता. हात मागे घेतला तर तळव्याला बारीक लाल कण चिकटलेले, करंडा उघडताना बोटांना कुंकू लागतं तसे. तिने ते झटकले नाहीत.

तिथेच दगडावर एक पाटी बसवली आहे. चार्ल्स एलियट पर्किन्स हे रेल्वे कंपनीचे अध्यक्ष, या जागेचे मालक. त्यांनी इथे घर बांधलं नाही, जागा लोकांसाठी मोकळीच ठेवली. पण शहराच्या नावावर करून देण्याआधी १९०७ मध्ये ते गेले. १९०९ मध्ये त्यांच्या मुलांनी ४८० एकर जमीन शहराला दिली, ती कायम सगळ्यांना विनामूल्य खुली राहावी या वडिलांच्या इच्छेप्रमाणे. आजही तिकीट नाही. मी पाटी वाचून दाखवली तर आई म्हणाली, "मुलांनी बापाचा शब्द राखला हो." त्यानंतर त्या मुक्कामात आम्ही पाच वेळा गेलो, आणि पाचही वेळा तीच मला उठवत होती.

*

ताई, फार बरं केलंत धागा काढून. मी बोल्डरला राहतो, भूगर्भशास्त्र शिकलो आहे, त्यामुळे मला इथे जाऊन नुसतं बघता येत नाही, बोलत सुटावंसं वाटतं.

सगळ्यात आधी, ते सुळके उभे का आहेत ते बघा. वाळूचा खडक थरावर थर साचून होतो, म्हणजे मुळात आडवा. इथे तेच थर उभे उठलेले दिसतात, जणू कोणी कपाटात वह्या उभ्या लावल्यात. आजच्या रॉकीजच्या आधीही इथे डोंगर होते. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी ते झिजत होते, आणि त्यांची वाळू-खडी नद्यांनी पायथ्याशी आणून टाकली. पुढे आजचे रॉकीज वर येताना त्यांनी कडेचे थर ढकलत नेऊन उभे केले. म्हणजे त्या लाल भिंतीवर हात ठेवता तेव्हा तुमच्या हाताखाली एका नाहीशा झालेल्या पर्वताची माती असते. रंग आहे लोहाचा, लोखंडाला गंज चढतो तसा.

डेन्व्हरजवळचं रेड रॉक्सचं खुलं नाट्यगृह आणि आमच्या बोल्डरचे फ्लॅटआयर्न्स नावाचे कडे त्याच थराचे, त्याला आम्ही फाउंटन थर म्हणतो. सत्तर-ऐंशी मैल अंतरावर तोच थर पुन्हा डोकं वर काढतो, हे लक्षात आलं की गाडीतून जातानाही नजर उजव्या-डाव्या बाजूला शोधत राहते.

एक विनंती. बॅलन्स्ड रॉकसारखा फाउंटन थराचा खडक एकदा तरी थांबून अगदी जवळून, वीतभर अंतरावरून बघा. गुलाबी, पांढरे, वाटाण्याएवढे गोटे लाल वाळूत रुतलेले दिसतील. त्या जुन्या डोंगराचेच ते तुकडे आहेत. मला एकदा सुपारीएवढा गारगोटीचा खडा दिसला, कडा पार गोल झालेल्या. किती वाहत आला असेल तो. दहा मिनिटं मी तिथेच उभा होतो.

*

मी सह्याद्रीत वाढलेला ट्रेकर. हरिश्चंद्रगड, राजगड, अलंग-मदन-कुलंग सगळं केलेलं. त्यामुळे पहिल्यांदा इथे आलो तेव्हा सुळके बघून हात शिवशिवले आणि कुठेही न विचारता एका भिंतीवर चढायला लागलो. डोक्याइतकं चढलो असेन, तेवढ्यात हातातली पकड बिस्किटासारखी तुटून आली. खाली आलो, खरचटण्यावर निभावलं. तिथल्या एका रेंजरबाईंनी बाजूला घेऊन शांतपणे समजावलं: चढाईसाठी आधी नोंदणी करावी लागते, साधनं लागतात, आणि साधनांशिवाय दहा फुटांच्या वर जायला मनाई आहे. पाऊस किंवा बर्फ पडून गेला असेल तर चढायचंच नाही, कारण ओला वाळूखडक आतून भुसभुशीत होतो.

आपला काळा कातळ लाव्हाचा, पावसात निसरडा होतो पण सहसा असा तुटून हातात येत नाही. इथे उलट. ही गोष्ट मी इथे येणाऱ्या प्रत्येक ट्रेकर मित्राला सांगतो, कारण आपल्याला दगडावर विश्वास टाकायची सवय असते. त्या दिवशी माझ्या हातात आलेला तुकडा परत जोडता येणार नव्हता. याची बोच अजून आहे.

आता मी चालतो फक्त. पामर, चेंबर्स आणि ब्रेटॅग या वाटा जोडून साधारण तीन मैलांचा वळसा होतो. सगळी गर्दी मधल्या सिमेंटच्या वाटेवर असते, या बाजूला जुनिपरची झाडं, झुडपी ओक आणि लाल माती. मार्चमध्ये एका सकाळी वरच्या कड्यावर मोठ्या शिंगांच्या डोंगरी मेंढ्यांचा कळप बघितला. एकीच्या खुराखालून खडा सुटला आणि टकटक करत खालपर्यंत आला. बाकी काही आवाज नव्हता.

*

इथे एक गोष्ट कोणी लिहिली नाही म्हणून लिहिते. उंची!

हे "शहरातलं उद्यान" असल्यामुळे आम्ही अगदी निर्धास्त होतो. मुंबईहून आलेलो, तिसऱ्याच दिवशी तिथे. उद्यान सुमारे ६,४०० फुटांवर आहे. कळसूबाईचं शिखर ५,४०० फूट. म्हणजे तुम्ही गाडी लावून उतरता तेव्हाच कळसूबाईच्या हजार फूट वर उभे असता. माझ्या मिस्टरांचं अर्ध्या तासात डोकं ठणकायला लागलं, मळमळ, आणि साध्या चढावर धाप. हवा इतकी कोरडी की घाम येतो आणि वाळून जातो, आपल्याला कळतच नाही. तहान लागली नाही म्हणून आम्ही चौघांत एकच बाटली नेली होती. ती चूक.

सावलीत बसवलं, घोट घोट पाणी दिलं, परत फिरलो. दोन दिवस आराम करून पुन्हा गेलो तर तेच मिस्टर सगळ्यांच्या पुढे. तेव्हा पहिले दोन-तीन दिवस आरामात घालवा, पाणी माणशी लिटरभर तरी ठेवा, आणि टोपी विसरू नका. थंडी वाजत असली तरी ऊन भाजतं. माझ्या मानेवर आठवडाभर खूण होती.

*

जुलै-ऑगस्टमध्ये येणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

सायमीज ट्विन्सची वाट जेमतेम मैलभराची. दोन जोडलेले सुळके, मध्ये खिडकीसारखं भोक, आणि त्या खिडकीत नेमकं पाइक्स पीक, १४,११५ फूट. दुपारी एकला आम्ही निघालो तेव्हा आकाश निळंशार होतं, फक्त शिखरामागे कापसासारखा एक ढग. दीड वाजता त्याच खिडकीतून पाहिलं तर शिखर गायब, सगळं शिसवी रंगाचं झालेलं. माझी मुलगी, नऊ वर्षांची, म्हणाली, "बाबा, डोंगर कोणी पुसला?"

पहिला गडगडाट झाला तेव्हा मी म्हणालो, एक फोटो काढू आणि निघू. तो फोटो महागात पडला. पाच मिनिटांत गारा. बोरांएवढ्या. मुलीला पोटाशी धरून, पाठीवरची सॅक तिच्या डोक्यावर धरून आम्ही धावलो. वीज इतकी जवळ पडली की प्रकाश आणि आवाज एकदमच. लाल वाटेवरून लाल पाण्याचे ओहोळ, त्यात पांढऱ्या गारा तरंगताहेत. गाडीत बसल्यावरही तिचे दात वाजत होते.

इथे उन्हाळ्यात दुपारची वादळं नेहमीची. ढगांचा आवाज ऐकू आला की थांबायचं नाही, थेट गाडी गाठायची. सुळक्याच्या आडोशाला किंवा एकट्या झाडाखाली उभं राहायचं नाही. आम्ही आता सकाळी सहाला वाटेवर असतो आणि अकराच्या आत परत. मुलगी अजून त्या खिडकीपाशी जायला निघते, पण आधी शिखरामागे ढग आहे का ते बघते.

*

बाळाची गाडी जाईल का? आणि कुत्रं नेता येतं का?

*

मधल्या वाटेवर बाळगाडी आरामात जाते. बाकी वाटा मातीच्या आणि खडकाळ, तिथे बाळाला पाठीवर घ्या. कुत्रं पट्ट्याला बांधून नेता येतं. रॅटलस्नेक असतात, म्हणून उन्हाळ्यात वाटेबाहेरच्या गवतात त्याला शिरू देऊ नका. पाय दिसतील तिथेच ठेवा.

*

नावाची गोष्ट माहीत आहे का? १८५९ मध्ये दोन सर्व्हेअर इथे आले. एकाला वाटलं, ही जागा बिअर गार्डनसाठी झकास आहे. दुसरा म्हणाला, अहो, ही तर देवांनी जमावं अशी जागा! दुसऱ्याचं नाव टिकलं. आणि पुढे पर्किन्स कुटुंबाने जमीन देताना अटच घातली की इथे दारू विकायची किंवा बनवायची नाही. इथले मूळ रहिवासी असलेल्या युट लोकांच्या लेखी तर ही जागा या दोघांच्या कितीतरी आधीपासून पवित्र होती. उद्यानाच्या नावात त्यांची कुठेच आठवण नाही, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

*

मी इथे विद्यार्थी म्हणून दोन वर्षं होते. घरापासून दूरची पहिली दिवाळी. खोलीत बसवेना म्हणून सकाळी एकटीच बसने आणि पायी तिथे गेले. आदल्या रात्री पहिला बर्फ पडला होता. लाल दगडांच्या प्रत्येक कंगोऱ्यावर पांढरी रेघ, वर गडद निळं आकाश. मागे पाइक्स पीक पूर्ण पांढरं. पायवाटेवर बर्फ दाबून काच झाला होता, दोनदा घसरले. हिवाळ्यात जाणाऱ्यांनी बुटांना लावायच्या काट्यांच्या पट्ट्या न्याव्यात.

एका बाकावरचा बर्फ हाताने सारून बसले, डब्यातली एक चकली खाल्ली. शेजारी एक म्हातारे अमेरिकन आजोबा येऊन बसले. ते रोज सकाळी येतात म्हणाले, बायको गेल्यापासून. मी डबा पुढे केला. त्यांनी चकली हातात धरून वळसा बोटाने मोजला आणि मग खाल्ली. फार काही बोललो नाही आम्ही. ऊन भिंतीवरून खाली सरकत सरकत आमच्या पायांपर्यंत आलं, तोवर बसून होतो.

*

इतकं सगळं वाचून माझे डोळे भरून आले. मूळ धागाकर्ती म्हणून एक गोष्ट जोडते, जरा रागाने. मागच्या शनिवारी सेंट्रल गार्डनमध्ये एका दगडावर नवं नाव कोरलेलं पाहिलं. बदामात. अक्षरं देवनागरी. दगड मऊ आहे, किल्लीनेही ओरखडा उठतो, आणि तो बुजत नाही. मी जवळच्या लोकांना विचारलं, कुणी पाहिलं नव्हतं. व्हिजिटर सेंटरमध्ये जाऊन कळवलं. तुमच्या सोबत कुणी पहिल्यांदा येत असेल तर दगडापाशी पोचण्याआधी हे सांगा, नंतर नको.

आणि ज्यांना अजून जायचं आहे त्यांच्यासाठी: उद्यान पहाटे पाचला उघडतं. वसंतात आणि उन्हाळ्यात सूर्य उगवायच्या जरा आधी नॉर्थ गेटवे रॉकच्या पूर्वेला उभे राहा. पांढऱ्या गळ्याच्या पाकोळ्या भेगांमधून बाहेर पडतात, शेकड्यांनी, कानाजवळून सूं करत जातात. मग सगळ्यात वरचं टोक, जिथे दोन उंट तोंडाला तोंड लावून बसल्यासारखे दिसतात, ते पेटतं. आधी गुलाबी, मग केशरी. खालपर्यंत लाल व्हायला पंधरा-वीस मिनिटं लागतात.

या रविवारी आम्ही तिघीजणी जातोय. मुख्य वाहनतळावर पावणेसहाला भेटू. कुणी येणार असेल तर लिहा, एक थर्मास जास्तीचा घेते.