पर नसलेला डॉल्फिन की पॉरपॉइज?
तारकर्लीसमोर समुद्रात ‘पाठीवर पर नसलेला डॉल्फिन’ दिसल्याचं एकाने लिहिलंय, तो बहुधा फिनलेस पॉरपॉइज, म्हणजे डॉल्फिनचा पाठीवर पर नसलेला नातलग. डोकं गोल, चोच नाही, लांबी साधारण दीड मीटर. पाठ क्षणभर वर येते नि जाते. उड्या जवळपास नाहीतच, त्यामुळे जरा लाटा असल्या की तो नजरेतून सुटतो. हम्पबॅक डॉल्फिनला मात्र पाठीवर उंचवटा, लांब चोच आणि त्या उंचवट्यावर बसलेला छोटा पर असतो. होडी कळपाला आडवी घालू नका. बाजूने, समांतर, संथ ठेवा.

आणि वेंगुर्ला रॉक्सवर (वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रातली खडकाळ बेटं) सुरयांच्या, म्हणजे टर्न या समुद्रपक्ष्यांच्या, विणीत कृपया उतरूच नका! अंडी उघड्या कातळावर असतात. पक्षी उठले की ती उन्हात तापून आतलं पिल्लू मरतं. दुर्बीण होडीतूनच लावा.